पाकिटांतल्या मोटारींचें सोंवळें

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या सुशिक्षित घरांतून एक नवें देवघर निघालें आहे. दिवाणखान्याच्या भिंतीवर कांचेचें कपाट, कपाटांत ओळीनें टांगलेलीं पुठ्ठ्याचीं पाकिटें, आणि प्रत्येक पाकिटावर पारदर्शक प्लॅस्टिकच्या फुगवट्याखालीं तीन इंच लांबीची एकेक धातूची मोटार. या मोटारींस कोणी शिवत नाहीं. पाकिटाचा कोपरा दुमडला तर घरांत सुतक आल्यासारखें होतें. घरच्या मुलानें त्यांजकडे पाहावें, त्यांचीं नांवें पाठ म्हणावीं, पाहुण्यांस बोटानें दाखवावीं. पण पाकीट फोडून एखादी गाडी फरशीवर सोडूं का असें त्यानें विचारलें, कीं वडील मंडळी दचकून त्यास आवरतात. कां, तर उघडलेल्या गाडीची किंमत उतरते! आमच्या आजोबांच्या पिढीनें जें सोंवळें मोठ्या कष्टानें स्वयंपाकघरांतून घालविलें, तें त्यांच्या पणतवंडांच्या खेळण्यांत अशा रीतीनें परत आलेलें पाहून त्याचें कौतुक करण्यास आमचें मन घेत नाहीं.

या सोंवळ्याच्या उलट वागणारा एक लहानसा वर्ग आहे, व त्याची बाजू मांडण्यासाठींच आम्हीं आज लेखणी उचलली आहे. हे लोक तीच दीडदोनशें रुपयांची गाडी विकत आणतात, पाकीट टरकावून फेंकतात, तळाचे रिव्हेट पोखरून तिचे भाग सुटे करतात, कारखान्याचा रंग उतरवितात, आपल्या मनाचा रंग चढवितात, चाकें बदलतात, प्रसंगीं छत कापतात, आणि आठपंधरा दिवसांनीं तिजमधून अशी कांहीं गाडी उभी करतात, कीं जी कोणत्याहि दुकानांत मिळावयाची नाहीं. यांत शाळकरी मुलें आहेत, कॉलेजांतले विद्यार्थी आहेत, आणि दिवसभर बँकेंत किंवा संगणकापुढें बसून रात्रीं जेवणानंतर टेबलावर जुनें वर्तमानपत्र पसरणारे चाळिशींतले गृहस्थहि आहेत. या मंडळींस घरांत 'नासधूस करणारे' व घराबाहेर 'पोरकट' हीं दोन विशेषणें ठरलेलीं. पाकिटें टांगणारा मात्र 'संग्राहक' ठरतो, व अलीकडे तर 'गुंतवणूकदार'हि. हीं विशेषणें नेमकीं उलट लागलीं आहेत असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम या खेळण्याचें कुळ पाहूं; कारण त्याच्या सोंवळेपणास त्याच्या कुळांत कोठेंच आधार सांपडत नाहीं. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यानें छिद्रें पाडलेल्या पट्ट्या व नटबोल्ट यांच्या ज्या संचाचें पेटंट १९०१ मध्यें घेतलें, तोच पुढें मेकॅनो या नांवानें जगभर गेला. त्याच कारखान्यानें १९३३ मध्यें खेळांतल्या आगगाडीस जोड म्हणून लहान मोटारी काढल्या, व १९३४ मध्यें त्यांस डिंकी हें नांव पडलें. म्हणजे ज्या घरानें मुलांच्या हातीं पाना व स्क्रूड्रायव्हर दिला, त्याच घरांत या मोटारींचा जन्म झाला. मॅचबॉक्सची कथा तर याहून बोलकी आहे. लेस्ली स्मिथ व रॉडनी स्मिथ (आडनांव एक, नातें नाहीं) या दोन मित्रांनीं १९४७ मध्यें लंडन शहरीं लेस्नी नांवाची कंपनी काढली. साचे करण्यांत निष्णात असा जॅक ओडेल त्यांस येऊन मिळाला. ओडेलच्या मुलीच्या शाळेंत काड्यापेटींत मावेल एवढेंच खेळणें नेण्याची मुभा होती, म्हणून त्यानें तिच्याकरितां रस्ता दाबण्याच्या रोलरची इवलीशी प्रतिकृति पितळेंत केली, अशी हकीकत सांगतात. १९५३ पासून काड्यापेटीसारख्या खोक्यांतून असलीं खेळणीं बाजारांत आलीं. ज्या खोक्यांना आज संग्राहक तळहाताच्या फोडाप्रमाणें जपतात, त्यांच्या मुळाशीं एका बापानें मुलीसाठीं केलेली हातची वस्तु आहे. आणि ती दप्तरांतून शाळेंत नेण्यासाठीं होती, भिंतीवर टांगण्यासाठीं नव्हे.

आमच्याकडील कपाटांत ज्यांचा भरणा सर्वांत अधिक दिसतो, त्या हॉट व्हील्स अमेरिकेंतील मॅटेल कंपनीनें १९६८ मध्यें काढल्या. पहिल्या वर्षीं नमुने निघाले सोळा. त्यांतील दहांच्या नांवाआधीं 'कस्टम' हा शब्द होता. त्या काळीं कॅलिफोर्नियांतले हौशी तरुण कारखान्यांतून आलेली मोटार आपल्या गॅरेजांत नेऊन तिचीं चाकें रुंद करीत, तिची उंची उतरवीत, तिला झगझगीत रंग देत. अशा बदललेल्या गाड्यांचाच थाट या खेळण्यांत उतरविला होता. सोळांतील 'बीटनिक बँडिट' ही तर एड रॉथ या गाड्या घडविणाऱ्या अवलियाच्या खऱ्याखुऱ्या मोटारीवरून घेतलेली. खुद्द त्या कंपनीला हें ऋण ठाऊक आहे. २०१८ पासून ती हौशी लोकांनीं स्वतः बांधलेल्या मोटारींची पाहणी करते व निवडलेल्या गाडीचें खेळणें ओतते. तेव्हां बदललेल्या मोटारीची प्रतिकृति कोणीं बदलूं नये हा आग्रह म्हणजे बंडखोराचा पुतळा उभारून त्यापुढें आज्ञाधारकपणाची शपथ घेण्यासारखें आहे!

आतां ही 'नासधूस' म्हणजे काय तें पाहूं. ज्यांनीं ती जवळून पाहिली नाहीं, त्यांस ती नुसती रंग फासण्याची गंमत वाटते. गाडी उलटी केली कीं तळाला बहुधा दोन रिव्हेट दिसतात. हे वरून ठोकलेले खिळे नव्हेत. वरच्या सांगाड्यांतूनच निघालेले खुंट तळाच्या भोकांतून बाहेर आलेले असतात, व कारखान्यांत त्यांचीं डोकीं दाबून पसरविलेलीं असतात. म्हणून तळ उपटून निघत नाहीं. बळ केलें तर खुंट मोडतो. आधीं डोक्याच्या मधोमध टोंच्यानें खूण करावयाची, मग बारीक ड्रिलनें वाट पाडावयाची, व नंतर सुमारें तीन मिलिमीटरच्या ड्रिलनें, अगदीं मंद गतीनें, तें डोकें तेवढें कातरून काढावयाचें. क्षणभर अधिक दाबलें तर खुंट खोलवर पोखरला जातो आणि पुढें स्क्रू धरावयास धातूच उरत नाहीं. दाब, वेग व धीर यांचा मेळ घालण्याचा हा धडा आमच्या कोणत्या पाठ्यपुस्तकांत आहे?

तळ निघाला कीं कारखान्याचें पोट उघडें पडतें. वरचा सांगाडा, आंतील बैठक, खिडक्यांचा एकसंध पारदर्शक तुकडा, तळ, आंस म्हणून दोन बारीक पोलादी तारा, आणि चार चाकें. एवढ्यांत सबंध मोटार. कित्येक नमुन्यांत पुढचे दिवे हे खिडक्यांच्याच तुकड्याचे शेवट असतात. एका तुकड्यांत दोन कामें उरकून खर्च कसा वांचविला आहे, हें कोणीं न सांगतां मुलाला समजतें. आणि एकदां समजलें कीं घरांतील मिक्सर, पंखा, कुलूप, जें जें हातीं येईल त्याकडे तें त्याच नजरेनें पाहूं लागतें. वडिलांस याची जी धास्ती वाटते ती अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं.

मग रंग उतरविणें. प्लॅस्टिकचे सारे भाग त्याआधीं वेगळे झालेच पाहिजेत. कारण ॲसिटोनासारखें द्रव धातूला कांहीं करीत नसलें, तरी खिडक्या मात्र पार बिघडवून टाकतें. कित्येकांस कॉस्टिक सोड्याचा मोह होतो. पण जस्त हा आम्लांतहि झिजतो आणि अल्कलींतहि झिजतो. हें वाक्य आमच्या मुलांनीं परीक्षेपुरतें घोकलेलें असतें. येथें तें काळवंडलेल्या, खरखरीत धातूच्या रूपानें तळहातावर येऊन बसतें. उघडा धातु साबणानें धुवावा, वाळवावा, बोटाचा तेलकट ठसा उमटूं न देतां त्यावर प्रायमर द्यावा, मग रंगाचे पातळ थर, एक वाळल्यावर दुसरा. घाई करून जाड थर दिला कीं दारांच्या केसाएवढ्या रेषा बुजतात आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसूं लागते. १९६८ च्या त्या पहिल्या गाड्यांवर कारखान्यानें धातु चकचकीत घासून त्यावर पारदर्शक रंगीत लाखरंग दिला होता. तो झगमगाट घरीं साधण्यासाठीं लोक पॉलिशपेपर घेऊन रात्रीच्या रात्री घालवितात. नंबराची पाटी रंगवायला कुंचला जाड पडतो, तेव्हां दांतकोरणें कामास येतें. आणि बहिणीचें नेलपॉलिश तर या धंद्यांत राजमान्य आहे.

शेवटचें काम सर्वांत लहान, पण आमच्या मतें सर्वांत मोलाचें. पोखरलेल्या खुंटांत १.६ मिलिमीटरचें भोंक पाडून टॅपनें दोन मिलिमीटरचे आंटे पाडले, कीं गाडी स्क्रूनें मिटते आणि हवी तेव्हां पुन्हां उघडते. कारखान्यानें जी वस्तु एकदांच मिटण्यासाठीं केली होती, ती उघडण्याजोगी झाली. हल्लीं आमच्या घरांत येणारी बहुतेक यंत्रें डिंकानें चिकटविलेलीं असतात. आंत काय आहे तें पाहूं नये, बिघडलें तर फेंकून द्यावें, नवें घ्यावें, हाच त्यांचा उपदेश. त्या उपदेशाला घरांतील एका तीन इंचांच्या वस्तूनें दिलेलें हें उत्तर आहे.

केवळ हातचलाखीचाच हा प्रश्न नव्हे. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ मध्यें झाली होती; वीस वर्षांची मुदत भरतांच ऑक्टोबर २०२३ मध्यें ती जात टॅक्सी म्हणून नाहींशी झाली. समजा, एखाद्या मुलीनें आपल्या आजोबांसाठीं ती घरीं करावयाची ठरविली. चौकोनी अंगाची, चार दारांची एखादी परदेशी गाडी ती निवडते. जुनीं छायाचित्रें काढून बसते. काळें अंग व पिवळें छत हें सर्वांस माहीत. पण पिवळा रंग खिडक्यांच्या खांबांवर कोठवर उतरत होता? डाव्या अंगाला बाहेर बसविलेला मीटर केवढा होता? आजोबांस विचारावें तर ते सांगतां सांगतां दादर स्टेशनच्या भाड्यावर घसरतात. या गाड्या खऱ्या मोटारीच्या सुमारें चौसष्टाव्या हिश्श्याच्या असतात, म्हणजे एक फूट उंचीची वस्तु येथें पांच मिलिमीटरांहूनहि कमी भरते. हें त्रैराशिक तिनें वहींत शंभरदां केलें असेल. पण वहींत उत्तर चुकलें तर एक गुण जातो, आणि येथें चुकलें तर मीटर खिडकीएवढा होतो! पाकिटांतल्या गाडीनें कोणाच्या आजोबांस असें बोलतें केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

फ्रान्सचा टीकाकार रोलाँ बार्थ यानें १९५७ सालच्या आपल्या निबंधसंग्रहांत खेळण्यांवर एक लहानसा निबंध लिहिला आहे. आधुनिक खेळणें म्हणजे मोठ्यांच्या जगाची तयार नक्कल; तें मुलाला मालक व वापरणारा बनवितें, निर्माता बनवीत नाहीं, अशी त्याची तक्रार. लांकडांत त्याला जो जिव्हाळा दिसला, तो प्लॅस्टिकांत व धातूंत दिसला नाहीं. हा आक्षेप आम्हांस निम्मा मान्य आहे. पाकिटांतील गाडीविषयीं तर तो अपुराच पडतो, कारण येथें मूल वापरणारेंहि राहिलें नाहीं. त्याला नुसतें राखणीला बसविलें आहे. परंतु धातूचें खेळणें स्वभावतःच मुलाला बांधून टाकतें हें त्याचें गृहीत मात्र ड्रिलच्या पहिल्या फेऱ्याबरोबर ढांसळतें. तयार नक्कल हा शेवट न मानतां कच्चा माल मानला, कीं तिच्यांतूनहि निर्माता उभा राहतो. बार्थला हें सुचलें नाहीं, कारण निबंधकार बहुधा खेळणें दुकानाच्या कांचेंतून पाहतात. (आम्हीहि त्याच जातीचे, हें कोणी सांगण्यापूर्वीं आम्हीच सांगून टाकतों.)

आणि आमच्या लोकांस हें समजावयास पॅरिसपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. दिवाळींत अंगणांत दगडमातीचा किल्ला करावा, त्यावर हळीव पेरावा, बुरूज ढांसळला कीं पुन्हां थापावा, हा आमच्या मुलांचा जुना परिपाठ. आतां पुण्यामुंबईच्या बाजारांत प्लॅस्टरचे तयार किल्ले मिळतात. आणून जिन्याखालीं ठेविला कीं काम झालें. त्याबद्दल आम्ही सारे हळहळतों, वर्तमानपत्रांत पत्रें लिहितों. मग तयार मोटार टांगून ठेवणाऱ्या घराबद्दल ती हळहळ कां नाहीं? विदर्भांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा भरतो. मुलें लांकडाचे बैल मिरवावयास नेतात. बैल सुताराचा किंवा बाजारचा असतो. पण झूल, बेगड, गोंडे, शिंगांचा रंग हें सारें घरचें, आणि बक्षिसाला तो उभा राहतो तो त्या घरच्या कामासकट. बाजारांतून आणलेल्या बैलाला घरीं सजविणें ही जर संस्कृति, तर बाजारांतून आणलेली मोटार घरीं रंगविणें ही नासधूस कशी? उत्तर एवढेंच, कीं बैलाला पाकीट नसतें.

पाकिटाचा पक्षपाती येथें आपला हुकमी पत्ता टाकतो: 'पण किंमत?' पाकिटबंद वस्तूला बाजारांत अधिक पैसा मिळतो हें आम्ही नाकारीत नाहीं. प्रश्न असा, कीं कोणत्या वस्तूला? जुन्या डिंकीला व जुन्या मॅचबॉक्सला भाव आला, तो त्यांच्या सोबतिणी मुलांनीं आपटल्या, हरवल्या, अंगणांत पुरल्या म्हणून. ज्या गाड्या आज अफाट संख्येनें ओतल्या जातात व ज्या सगळेच संग्राहक सारख्याच भक्तीनें जपतात, त्यांना वीस वर्षांनीं कोण विचारणार? दुर्मिळता ही दुसऱ्यांच्या बेफिकिरीवर पोसते. सर्वांनींच जपणूक आरंभिली कीं तिचा पायाच खचतो. एवढें अर्थशास्त्र कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासहि कळतें, पण त्याच्या वडिलांस कळत नाहीं. कंपनीनें १९९५ पासून 'ट्रेझर हंट' म्हणून मोजक्या गाड्या साध्या मालांत मिसळून पाठविण्याची प्रथा पाडली. तिचें फळ असें, कीं दुकान उघडतांच मोठीं माणसें खोकीं उपसून जातात, आणि संध्याकाळीं आईचा हात धरून येणाऱ्या मुलाच्या वांट्याला उरलेसुरलें येतें. या उपशाला संग्रह हें नांव देणें म्हणजे साठेबाजाला कोठीवाला म्हणण्यापैकीं आहे.

त्यांतली गंमत पुढेंच आहे. हॉट व्हील्सच्या संग्राहकांत सर्वांत बहुमोल कोणती गाडी गणतात? १९६९ सालचा फोक्सवॅगन व्हॅनचा एक गुलाबी नमुना, ज्याच्या मागच्या खिडकींतून लाटांवर घसरण्याच्या फळ्या बाहेर आलेल्या आहेत. ती व्हॅन इतकी अरुंद झाली होती, कीं रुळावरच्या गाड्यांना वेग देणाऱ्या यंत्रांतून ती नीट जाईना. म्हणून तो नमुना रद्द झाला. अंग रुंद करून व फळ्या दोन्ही बाजूंस बसवून सुधारलेली व्हॅन बाजारांत गेली. म्हणजे संग्राहकांचा कोहिनूर हा कारखान्याच्या बाकावरचा एक फसलेला प्रयोग आहे! दुसऱ्याच्या फसलेल्या प्रयोगापुढें लोटांगण घालणारे हे लोक घरच्या मुलाचा प्रयोग फसला कीं त्याच्या कानाला हात घालतात.

शिवाय धातूला पाकिटाची पर्वा नसते. या गाड्यांचा मिश्रधातु मुख्यतः जस्ताचा. त्यांत सुमारें चार टक्के ॲल्युमिनियम व किंचित् मॅग्नेशियम. ओततांना त्यांत शिशाचा अंश शिरला, तर तो धातु वर्षानुवर्षें आंतून फुगतो, चिरतो व अखेर त्याचा भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कित्येक डिंकी अशाच, कोणीं हात न लावतां, कपाटांत बसल्याजागीं गेल्या.

पाकिटवाल्यांस एवढें पुरें. आमचें खरें भांडण दुसऱ्याच पक्षाशीं आहे, आणि तो पक्ष आमच्याच वर्गाचा, आमच्याच पेशाचा, म्हणून अधिक जवळचा आहे. हे गृहस्थ पाकिटें टांगीत नाहींत. त्यांस सगळाच प्रकार वेळेचा अपव्यय वाटतो. मुलगा अभियंता व्हावा म्हणून प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीला ते लाखों रुपये भरतात, आणि त्याच मुलानें एक हातड्रिल मागितलें, कीं 'आधीं अभ्यास' म्हणून त्यास गप्प करतात. १९३७ मध्यें वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली व हस्तोद्योगांतून शिक्षण ही कल्पना तेथें देशापुढें आली. तिच्यावर आमच्या वर्गानें व्याख्यानें दिलीं, प्रबंध लिहिले, परीक्षेंत दहा दहा गुणांचे प्रश्न घातले. एक तेवढी कानस मुलाच्या हातीं दिली नाहीं. हात चालविणें हें दुसऱ्या कोणाचें काम, आपण हुकूम करावयाचा व बिल द्यावयाचें, ही समजूत आमच्यांत इतकी मुरली आहे, कीं नळाचा वायसर बदलणें हेंहि आम्हांस प्रतिष्ठेबाहेरचें वाटतें. लोहार, सुतार, तांबट यांच्या पोरांना जें उपजत मिळे, तें आमच्या पोरांना मिळण्याची एक अरुंद फट या खेळण्यांत आहे. तीहि बुजवावी काय? आणि वयाचा आक्षेप? एच. जी. वेल्ससारखा ग्रंथकार खेळांतल्या शिपायांची सैन्यें फरशीवर मांडून गुडघ्यांवर रांगत असे, व त्या खेळावर त्यानें १९११ व १९१३ मध्यें दोन पुस्तकें लिहून छापलीं. त्यास पोरकट म्हणण्याचें धाडस आमच्या गृहस्थांस व्हावयाचें नाहीं, कारण तो इंग्रजींत लिहीत असे.

'हा परदेशी माल' असें म्हणणाराहि एक भेटतो. गाडीच्या तळावर मलेशिया, थायलंड अशीं नांवें असतात हें खरें. पण पाकिटांत राहिली तर ती सोळा आणे परदेशी राहते. काळीपिवळी झाली तर आठ आणे तरी आमची होते.

एका आक्षेपाला मात्र आम्ही पूर्ण मान देतों, व तो धोक्याचा. जुन्या खेळण्यांच्या रंगांत शिसें असूं शकतें. अमेरिकेनें घरगुती रंगांतील व खेळण्यांवरील शिशाला १९७८ मध्यें आळा घातला, आणि तरीहि ऑगस्ट २००७ मध्यें मॅटेलला 'सार्ज' नांवाच्या जीपच्या सुमारें ४,३६,००० प्रती रंगांतील शिशापायीं परत बोलवाव्या लागल्या. म्हणून अनोळखी जुना रंग कोरडा घासूं नये. त्याची धूळ पोटांत जाते. मिथिलीन क्लोराइड असलेलीं रंगनाशकें अमेरिकेंत घरगुती विक्रीसाठीं २०१९ मध्यें बंद झालीं. तीं आमच्या घरांतहि नकोत. फवारा उघड्या गच्चींत मारावा, ड्रिल चालवितांना चष्मा असावा, रंगाची वाटी स्वयंपाकघरांत परत जाऊं नये, आणि लहान मुलाचें ड्रिल वडील माणसानें चालवावें. या शेवटच्या अटीमुळें बापाला तासभर मुलाशेजारीं बसावें लागतें. तो या छंदाचा तोटा आहे असें ज्यास वाटत असेल, त्याच्याशीं आम्हांस वाद घालावयाचा नाहीं.

आणि या मंडळींची बाजू घेतली म्हणून त्यांच्या सगळ्याच चालीरीतींची तरफदारी आम्ही करूं, असें कोणी समजूं नये. हातीं आलेली एखादी १९३० च्या दशकांतील डिंकी किंवा मूळ रंगासह टिकलेली १९६८ ची गाडी ड्रिलखालीं घालणें हा आमच्या मतें उघड आडदांडपणा आहे. कामाला साधी, नवी, ढिगांनीं मिळणारी गाडी घ्यावी, किंवा जुन्या बाजारांतील टवके उडालेली, चाक गेलेली घ्यावी, जिचें मरण आधींच ओढवलें आहे. दुसऱ्यानें बदललेली गाडी चौपट पैसे देऊन आणून कपाटांत टांगणाराहि आम्हांस पाकिटवाल्याचाच चुलतभाऊ वाटतो. तिसरी गोष्ट लबाडीची. साधी गाडी रंगवून ती दुर्मिळ नमुना म्हणून खपविणारे लोक या छंदांत शिरले आहेत, आणि त्यांच्यामुळें प्रामाणिक कारागिराकडेहि संशयानें पाहिलें जातें. यावर उपाय सोपा आहे. स्क्रू लावण्यापूर्वीं तळाच्या आंतल्या अंगाला सुईनें आपलें नांव व साल कोरावें. बाहेरून तें कोणास दिसत नाहीं, गाडीच्या रूपाला बाध येत नाहीं; पण पुढें ज्याच्या हातीं ती येईल त्यानें दोन स्क्रू काढले, कीं ती कोणीं व केव्हां बदलली हें त्याला वाचतां येईल.